मुंबईच्या दगडी इमारती आणि त्यांची पुण्यातली भावंडं

पुणेकर मुंबईला जातो तो काम घेऊन. कोर्टाची तारीख असते, व्हिसा असतो, नाहीतर कुणाचं तरी लग्न. सीएसएमटीला उतरायचं, मान खाली घालून टॅक्सी गाठायची, काम उरकायचं आणि संध्याकाळची गाडी पकडायची. ज्या इमारती बघायला परदेशातून माणसं येतात, त्यांच्या सावलीतून आपण घड्याळ बघत चालत जातो. यंदाच्या थंडीत मी केवळ इमारती बघायच्या म्हणून निघाले. सोबत माझे धाकटे काका. त्यांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात झाली, शिक्षण सीओईपीत, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. दगडी भिंत दिसली की हात लावून बघितल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नाही. मुक्काम गिरगावात, आत्याकडे.

शुक्रवार

डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्या डायनिंग कारमधला चीज टोस्ट खाल्ल्याशिवाय प्रवास सुरू झाल्यासारखा वाटत नाही, हे आमच्या घरी सर्वमान्य आहे. पण लोणावळा आलं तसे काका प्लेट बाजूला ठेवून खिडकीशी गेले. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत पुण्याकडची गाडी खंडाळ्यापर्यंत आणि मुंबईकडची घाटाच्या पायथ्यापर्यंत, अशी दोन तुकड्यांत होती. बोगद्यांच्या तोंडाशी कापलेला काळा कातळ अगदी हाताच्या अंतरावरून जातो. "हा बघ," काका म्हणाले, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. शनिवारवाड्याचं जोतं याच पाषाणाचं आणि आता उतरशील त्या फोर्टातल्या भिंतीही याच पाषाणाच्या. दगडाला काय ठाऊक पुणं कुठलं आणि मुंबई कुठली!"

पुढचे सगळे दिवस मी याच वाक्यामागे फिरत राहिले.

सीएसएमटीला उतरल्यावर आम्ही आधी रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला गेलो, कारण ही इमारत समोरूनच बघायला हवी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी तिचा आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ मध्ये, तिला राणीचं नाव मिळालं. १९९६ मध्ये शिवछत्रपतींचं नाव आलं आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिची नोंद झाली. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. दर्शनी भिंतींवर मोर, पानं, वेली, प्राण्यांची तोंडं इतकी आहेत की डोळा एका जागी ठरत नाही. या कोरीवकामात तेव्हाच्या मुंबईच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जेजेतल्या, विद्यार्थ्यांचा हात आहे.

काकांचं लक्ष घुमटावर. आतला वारसा भाग पाहण्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. ते काढून आम्ही मोठ्या जिन्यापाशी उभे राहिलो. पायऱ्या एका बाजूनं भिंतीत रोवलेल्या आहेत, दुसरी बाजू अधांतरी. वर अष्टकोनी घुमट, त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाचा करून गुंतवलेल्या. खालून लाकडी सेंटरिंगचा आधार न देता तो उभा केला होता. "स्लॅब टाकायचा तर आम्हाला सेंटरिंगशिवाय पाऊल टाकता येत नाही," काका म्हणाले, "आणि यांनी एवढा घुमट तसाच चढवला." ते बराच वेळ वर बघत राहिले. खालून लोकलच्या घोषणा ऐकू येत होत्या.

स्टीव्हन्स यांचं नाव प्रत्येक पुस्तकात असतं. त्यांच्या हाताखाली सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. हे नाव मी मुद्दाम लिहिते आहे. रोज लाखो लोक ज्या इमारतीतून जातात, तिच्या उभारणीत या माणसाची वर्षं गेली, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातसुद्धा ते नाव भेटत नाही. इमारतीवर रेल्वेशी संबंधित व्यक्तींचे अर्धपुतळे कोरलेले आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि नाना शंकरशेट हे दोघे आपले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या रेल्वेच्या उभारणीत नानांचा मोठा वाटा होता.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. दोन्ही इमारतींच्या मध्ये उभं राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितलं की एकाच माणसाचा हात मधल्या काळात कसा बदलला ते कळतं. महापालिकेच्या इमारतीत घुमटांचे आकार पूर्वेकडे, आपल्याकडे झुकलेले आहेत.

दुपारी क्रॉफर्ड मार्केट. विल्यम इमर्सन यांचा आराखडा, १८६९ ची इमारत. दारावरच्या शेतकऱ्यांच्या शिल्पपट्ट्या लॉकवूड किपलिंग यांच्या. आज नाव महात्मा जोतीबा फुले मंडई. पुणेकराला इथे थबकावंच लागतं, कारण आपली मंडईही महात्मा फुल्यांच्याच नावाची. शुक्रवार पेठेतली ती अष्टकोनी इमारत १८८० च्या दशकात वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधली, तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी मंडईवरच्या एवढ्या खर्चाला विरोध केला होता. लोकांचा पैसा शिक्षणाला लागावा, हे त्यांचं म्हणणं. आज दोन्ही शहरांत भाजी त्यांच्या नावाखाली विकली जाते. त्यांचा मुद्दा मात्र कुठल्याही मंडईच्या दारावर लिहिलेला नाही आणि तो लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी आत्याकडे. तिनं काकांना दारातच धरलं, "काय रे बाळू, मुंबईत येऊन दगड बघतोस? चल, तुला लाकूड दाखवते." आणि ती आम्हाला खोताच्या वाडीत घेऊन गेली. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून ही वाडी. ईस्ट इंडियन कुटुंबांची लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, रस्त्यावर उघडणारे व्हरांडे, कौलारू छपरं. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या व्हरांड्यांतली माणसं एकमेकांशी बसल्या जागेवरून बोलू शकतात. यातली किती तरी घरं पडली, उरली आहेत त्यांच्या मागे टॉवर उभे आहेत. आत्याला प्रत्येक घराची हकिगत ठाऊक होती. सरकारी इमारतींना यादीचं संरक्षण असतं, या घरांना फक्त त्यांत राहणाऱ्यांची चिकाटी.

शनिवार

सकाळी ओव्हल मैदान. क्रिकेटचे अनेक डाव एकाच वेळी चालू, कुणाचा चेंडू कुणाकडे जातो ते त्यांनाच ठाऊक. मैदानाच्या मधल्या वाटेवर उभं राहिलं की पूर्वेला टोकदार कमानींची आणि मनोऱ्यांची गॉथिक रांग दिसते: जुनं सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोनं या दोन्ही रांगा मिळून एक वारसास्थळ जाहीर केलं, त्यात ९४ इमारती येतात.

ही पूर्वेची रांग बांधली तेव्हा समोर समुद्र होता. मधे फक्त मोकळं मैदान. म्हणून सगळे खोल व्हरांडे पश्चिमेकडे, खाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून. टोकदार कमानी व्हेनिसच्या असल्या तरी त्यांच्या मागची पडवी आपल्या उन्हापावसासाठी आहे. नंतर बॅक बेची भर पडत गेली, समुद्र मागे सरकला आणि या इमारतींच्या समोर दुसरंच शहर उभं राहिलं.

हे सगळं एका दशकात कसं उभं राहिलं? १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले आणि किल्ल्याची तटबंदी पाडायला त्यांनी घेतली. त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. पैसा आला, जागा मोकळी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि बाजार कोसळला, पण तोवर आराखडे ठरले होते, देणग्या जाहीर झाल्या होत्या.

आता पुण्याचं. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असायचा. म्हणजे गव्हर्नर तेच, अभियंते तेच, दानशूर शेठ तेच, आणि वर्षंही तीच. गणेशखिंडीत फ्रिअर यांनी जो गव्हर्नरचा बंगला बांधायला घेतला, तो १८६४ पासून १८७१ पर्यंत चालला. खर्च इतका वाढला की ब्रिटिश संसदेतही त्यावर टीका झाली. तीच आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

जुन्या सचिवालयाखाली काका सर्वांत जास्त वेळ थांबले. १८७४ मध्ये पुरी झालेली, ४४३ फूट लांबीची ही इमारत आता दिवाणी व सत्र न्यायालय आहे. आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. जवळचं सार्वजनिक बांधकाम खात्याचं कार्यालयही त्यांचंच, म्हणजे काकांच्या खात्याचं घरच. पण विल्किन्स यांचं नाव मी आधी ऐकलं ते पुण्यात. लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (सिनेगॉग), त्यांचं. ससून रुग्णालयाची जुनी इमारत त्यांची. येरवड्याचं डेक्कन कॉलेज त्यांचं. ओव्हलवर उभं राहून या तीन इमारती मला एकदम ओळखीच्या झाल्या: मनोऱ्याची तीच उभार चण, कमानीच्या कडेचे तेच कंगोरे.

राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून केला, ते मुंबईला कधी आलेच नाहीत. २८० फुटांचा हा मनोरा १८६९ ते १८७८ या काळात चढला. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. मान पूर्ण मागे टाकून बघितलं तर वर माणसांचे पुतळे दिसतात. पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पागोट्यांसह. एकूण २४. ते घडवले मुकुंद रामचंद्र यांनी. स्कॉट यांनी न पाहिलेल्या शहराची माणसं त्यांच्या मनोऱ्यावर या मराठी अभियंत्यानं नेऊन बसवली. माझ्यासाठी राजाबाई टॉवर त्यांचा आहे.

उच्च न्यायालय जेम्स फुलर यांचं, १८७८ मध्ये पुरं झालेलं. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. आत एका खांबावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेलं, तिरका तराजू धरलेलं माकड कोरलेलं आहे. कंत्राटदार दावा हरला म्हणून त्यानं ते कोरून घेतलं, अशी आख्यायिका आहे. पुणेकरासाठी मात्र ही इमारत एका दालनाची आहे. १९०८ मध्ये इथल्या मध्यवर्ती न्यायालयात लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला पाठवलं. ज्युरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, असं त्यांनी तिथेच सांगितलं. ते शब्द आज त्याच दालनाबाहेर संगमरवरावर आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती पाटी लागली. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ज्यांनी शिक्षा दिली त्यांनीच पाटी लावली," मी म्हटलं. "त्यांनी नाही गं," काका म्हणाले, "स्वतंत्र देशाच्या न्यायालयानं लावली."

दुपारनंतर पश्चिमेची रांग. इथे दगड संपतो आणि सिमेंट काँक्रीट सुरू होतं. गोलाई घेतलेले सज्जे, खिडक्यांवरचे लांब आडवे छज्जे, जहाजासारखी गोल तावदानं, जिन्यांच्या जाळ्यांत उगवता सूर्य. ओव्हलवरच्या एम्प्रेस कोर्टसमोर मी बराच वेळ काढला. आराखडा गजानन बाबुराव म्हात्रे यांचा. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल, १९३७, तोही म्हात्र्यांचा. आधीच्या रांगेत आपली माणसं सहायक म्हणून होती, या रांगेत आराखड्यावर त्यांची सही आहे. साठ-सत्तर वर्षांत झालेला हा बदल मैदान ओलांडताना पायाखालून जातो. फोर्टातल्या न्यू इंडिया अश्युरन्सच्या १९३६ च्या इमारतीवरही मास्टर, साठे आणि भुता ही नावं, आणि दर्शनी भागावरची ती उंच शेतकरी-कष्टकरी शिल्पं ना. ग. पानसरे यांची.

मला प्रभात रोड आठवला. तिथल्या जुन्या बंगल्यांचे गोल सज्जे, लाल कोबा, खिडक्यांवरची पट्टी. हे याच काळाचं, याच हवेचं. त्यांतले किती तरी बंगले माझ्या डोळ्यांदेखत पुनर्विकासात गेले आणि मी त्यांना नुसतं 'जुनं घर' म्हणत होते.

रात्री मरीन ड्राइव्हवर बसलो. भरती होती. फार काही बोललो नाही, पाय दुखत होते.

रविवार

हुतात्मा चौकातून सुरुवात. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पं जेम्स फोर्साइथ यांची. शेजारी हातात मशाल धरलेली संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची शिल्पं. तिथे कारंज्यापेक्षा मी हुतात्म्यांपुढे जास्त थांबले आणि तसंच व्हायला हवं. टाऊन हॉल बाहेरूनच पाहिला: १८३३, ग्रीक धाटणीचे जाडजूड खांब, तीस पायऱ्या. गॉथिक यायच्या आधीची मुंबई कशी दिसायची ते या एका इमारतीवरून समजतं.

काळा घोड्याला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. इथे एकाच रांगेत मुंबईचा सगळा इतिहास उभा आहे. वॉटसन हॉटेल ओतीव लोखंडाचं. त्याचे खांब-तुळया इंग्लंडमध्ये ओतून बोटीनं आणल्या आणि इथे जोडल्या. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती याच हॉटेलात दाखवल्या, हिंदुस्थानातला पहिला सिनेमा तो. गेली अनेक वर्षं ही इमारत पडझडीच्या अवस्थेत आहे. काकांनी लोखंडावरचा गंज दाखवला आणि नुसती मान हलवली. खाऱ्या हवेत लोखंडाची रंगरंगोटी थांबवली की असं होतं, एवढंच म्हणाले. पण आवाज दुखावलेला होता.

शेजारी डेव्हिड ससून ग्रंथालय, १८७० चं. पिवळसर मालाड दगड, आत लाकडी जिना, मागे बाग, आणि वरच्या व्हरांड्यात लांब आरामखुर्च्यांवर पेपर वाचणारी मंडळी. त्याला लागून एल्फिन्स्टन कॉलेज. त्याचा आराखडा जेम्स ट्रब्शॉ यांचा. गणेशखिंडीचा बंगला ज्यांनी आखला तेच हे. त्यावर सर कावसजी जहांगीर यांचं शिल्प आहे. त्यांनी विद्यापीठाच्या सभागृहाला पैसे दिले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही. "म्हणजे मी यांच्या पैशावर शिकलो," काका म्हणाले आणि रस्त्यातच उभं राहून त्यांनी नमस्कार केला.

गल्लीत वळलं की निळं-पांढरं सिनेगॉग लागतं, केनेसेथ एलियाहू, १८८४. ओळखपत्र दाखवून आत गेलो. रंगीत काचांतून फरशीवर पडलेला निळा-लाल उजेड, वर बायकांसाठी सज्जा. इथे मला पुण्याच्या लाल देवळाची इतकी ओढ लागली की उद्या तिथे जायचं हे तिथल्या बाकावरच ठरलं.

वास्तुसंग्रहालय आणि गेटवे हे दोन्ही जॉर्ज विटेट यांचे. संग्रहालय कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळट दगडात, घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा. गेटवे १९२४ चा आणि त्याच्या कमानी गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या इमारतींवरून घेतलेल्या. गर्दी फार होती, फेरी मारून निघालो. जाता जाता रीगल. १९३३ चं हे थिएटर चार्ल्स स्टीव्हन्स यांचं, म्हणजे सीएसएमटीच्या स्टीव्हन्स यांच्या मुलाचं. बापानं दगडात मोर कोरवले, मुलानं काँक्रीटच्या साध्या उभ्या रेषा ठेवल्या.

संध्याकाळची गाडी. काका कर्जतच्या आधीच झोपले.

सोमवार, पुणे

सकाळी ससून. बाह्यरुग्ण विभागाची रांग रस्त्यापर्यंत. त्या गर्दीतून जुन्या इमारतीचा मनोरा मी प्रथमच नीट पाहिला. १८६७ पासून ती लोकांच्या उपयोगात आहे आणि ज्यांच्यासाठी बांधली ते गोरगरीब आजही तिथेच येतात. ओव्हलवरच्या कुठल्याही इमारतीइतकीच ही मोलाची आहे.

मग मोलेदिना रोडचं लाल देऊळ, ओहेल डेव्हिड. काळ्या दगडाची आणि लाल विटांची इमारत, ९० फूट मनोरा, १८६७ मध्ये पुरी झाली. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले, त्यांची कबर याच आवारात आहे. मुंबईला ग्रंथालय देणारा बगदादी माणूस आपल्या लष्कर भागात विसावलेला आहे, हे किती पुणेकरांना माहीत असेल?

शेवटी डेक्कन कॉलेज. बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते १८६४ मध्ये कोनशिला, पैशांत जमशेटजी जीजीभाईंचा मोठा वाटा, आराखडा विल्किन्स यांचा. टिळक आणि आगरकर इथेच शिकले. टिळकांची खोली जपलेली आहे. काकांनी कमानीखालच्या दगडावर हात ठेवला, दगडांच्या सांध्यांतल्या दर्जा बघितल्या, मग बोट फिरवत म्हणाले, "बघ, इथे मूळचा चुना आहे आणि इथे नंतर कुणीतरी सिमेंट भरलंय. सिमेंट दगडाला श्वास घेऊ देत नाही. ओल आत कोंडते आणि दगडाची पापुद्री सुटते. चुनाच हवा." त्यांनी मला दोन्ही जागा दाखवल्या. चुन्याशेजारचा दगड शाबूत होता, सिमेंटशेजारचा कडेनं सोलवटला होता.

कुणी जाणार असेल तर: लाल देवळात शनिवारी जाऊ नका, तो त्यांचा शब्बाथ. ओळखपत्र जवळ ठेवा आणि आधी परवानगी विचारा. डेक्कन कॉलेजला सकाळीच जा, तेव्हा ऊन पूर्वेकडून कमानीत शिरतं आणि कोरीवकाम स्पष्ट दिसतं. गणेशखिंडीची मुख्य इमारत आमची राहिली आहे, ती काकांना घेऊन येत्या रविवारी.